काळ्या जमिनीवर भाजीपाल्याचे उंच वाफे: कडा कशाच्या कराव्यात?

गिरणाकाठ (भडगाव तालुका)

नमस्कार. आमच्या घरामागे 30 फूट लांब आणि 20 फूट रुंद अशी मोकळी जागा आहे. जमीन गिरणाकाठची भारी काळी आहे. कपाशीला ती उत्तम, परंतु घरापुरता भाजीपाला लावायला गेले की दोन्ही हंगामांत अडवणूक करते. श्रावणात सलग चार दिवस पाऊस लागला की मेथी पिवळी पडते आणि कोथिंबीर मुळाशी सडते. एप्रिलमध्ये त्याच जागी मनगट आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि नळीने दिलेले पाणी वाफ्यात मुरण्याऐवजी भेगेतून थेट खाली निघून जाते. शिवाय शाळेतून निवृत्त झाल्यापासून गुडघ्यांनी असहकार पुकारला असल्यामुळे उकिडवे बसून खुरपणे जमत नाही. म्हणून आतून 10 फूट लांब, 4 फूट रुंद आणि दीड फूट उंच असे दोन वाफे कायमचे करून घ्यावेत, असा विचार आहे.

अडचण कडांच्या साहित्याची आहे, कारण जितक्या जणांना विचारले तितकी उत्तरे मिळाली. सुताराचे म्हणणे असे की भुसावळला भंगारात रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मिळतात, ते आडवे टाकले की जन्मभर पाहायला नको. गवंडी म्हणतो की 4 इंची विटांची भिंत सिमेंटमध्ये दोन दिवसांत उभी करून देतो. साडूंनी नुकतेच त्यांचे धाब्याचे, म्हणजे सपाट मातीच्या छताचे, घर पाडले असून त्यातील सागवानी सरे (छताच्या तुळया), दारे आणि चौकटी, शिवाय धाब्यावरची ट्रॉलीभर माती ते फुकट द्यायला तयार आहेत. गोठ्यावरून उतरवलेले चार सिमेंटचे पत्रेही घरातच पडून आहेत. यांपैकी भाजीपाल्याला निर्धोक काय आणि आपल्या उन्हात टिकणारे काय, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

भुसावळकर

गुरुजी, स्लीपरचा मोह मी स्वतः भोगला आहे, म्हणून प्रथम त्याबद्दल लिहितो. सहा वर्षांपूर्वी मी असेच आठ स्लीपर भंगारातून आणून मोठ्या हौसेने वाफा केला. हिवाळा चांगला गेला, वांगीही आली. मे महिन्यात मात्र एका दुपारी पाणी द्यायला गेलो तेव्हा लाकडाच्या चिरांमधून काळे, चिकट थेंब बाहेर येऊन ओघळत असल्याचे दिसले आणि घरापर्यंत डांबराचा वास येत होता. तो थेंब बोटाला लागला तो साबणाने निघाला नाही, रॉकेलने पुसावा लागला; आणि त्या जागी उन्हाने कातडी भाजल्यासारखी दोन दिवस आग होत राहिली.

हे लाकूड इतकी वर्षे रुळाखाली टिकते ते त्यात क्रिओसोट मुरवलेले असते म्हणून. क्रिओसोट दगडी कोळशाच्या डांबरापासून काढतात आणि त्यातील काही घटक कर्करोगास कारणीभूत ठरतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने तर घराच्या बागेत अशा लाकडाच्या वापराला मान्यताच दिलेली नाही. थंड देशात ते कदाचित लाकडातच गोठून राहत असेल, पण आपल्याकडे पारा 45 अंशांवर जातो तेव्हा ते आत राहत नाही. मी ते स्लीपर काढले, त्यांच्यालगतची वीतभर माती खरवडून टाकून दिली आणि त्या कडेला आता फक्त मोगरा लावला आहे.

आमच्याकडे दीपनगरच्या औष्णिक केंद्रामुळे राखेच्या विटा मुबलक आणि स्वस्त मिळतात. त्या चालतील का, हे मात्र जाणकारांनी सांगावे.

मुरूम_माती (जळगाव)

मी बांधकामावर देखरेख करतो, त्यामुळे वनस्पतींपेक्षा भिंतीबद्दल अधिक खात्रीने लिहू शकतो. गुरुजींच्या गवंड्याने सांगितलेली 4 इंची सिमेंटमधली भिंत या जमिनीवर करू नये. ती किती दिवस टिकेल हा प्रश्नच नाही. पहिल्या पावसाळ्यातच ती तडकेल. काळ्या मातीतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, हे आपण भेगांच्या रूपाने दरवर्षी पाहतो. पण भिंतीखाली ही हालचाल सगळीकडे सारखी होत नाही, ही खरी अडचण आहे. वाफ्याच्या आतली माती तुम्ही रोज भिजवता आणि बाहेरची उन्हात कोरडी पडते, त्यामुळे भिंतीची आतली बाजू उचलली जाते आणि बाहेरची खचते. सिमेंटचा सांधा वाकत नाही, तो फुटतो. माझ्या स्वतःच्या अंगणात अशी भिंत मी हौसेने बांधली होती आणि जुलैमध्ये तिच्या चारही कोपऱ्यांत बोट जाईल एवढ्या उभ्या चिरा पडल्या होत्या. लोकांच्या घरांचे पाये पाहणाऱ्याने आपल्या वाफ्याला पाया म्हणून काहीही द्यायचे नाही, यावरून घरात अजून टोमणे ऐकतो.

त्यामुळे येथे भिंत अशी हवी की जी थोडी हलली तरी बिघडणार नाही. माझी पहिली पसंती काळ्या दगडाच्या कोरड्या रचाईला आहे. आपल्याकडचा दगड बेसाल्ट आहे, तो मातीत काही सोडत नाही, उन्हाने खराब होत नाही आणि खाणीवरचा डबर ट्रॉलीने मिळतो. भिंतीच्या रेषेवर फूटभर रुंद व 9 इंच खोल चर खणून तेथील काळी माती पूर्ण काढावी, त्यात मुरूम भरून पाणी मारावे आणि धुमसाने चांगला ठोकावा. त्यावर मोठे दगड खाली व लहान वर, अशी रचाई करावी. तळाशी फूटभर आणि माथ्याला 9 इंच जाडी ठेवून भिंत किंचित आत, मातीकडे कललेली असू द्यावी, म्हणजे ओल्या मातीच्या रेट्याने ती बाहेर पडत नाही. फटींत चिपा ठोकाव्यात आणि आतून जुने गोणपाट लावावे. गोणपाट वर्षभरात कुजते, पण तोवर माती बसलेली असते आणि फटींतून वाहून जात नाही.

विटाच वापरायच्या असतील तर 9 इंची भिंत करावी आणि सिमेंटऐवजी चुना-वाळूचा माल वापरावा. चुन्याचा सांधा मऊ असतो. जमीन हलली तर तो बारीक केसासारख्या चिरा घेतो, भिंत दुभंगत नाही. तुमच्या मापाच्या एका वाफ्याला भिंतीच्या मध्यरेषेने सुमारे 31 फूट लांबी येते. 3 इंच जाडीच्या विटेचे सहा थर धरले तर साधारण 500 विटा लागतील, म्हणजे दोन वाफ्यांना 1000 आणि तुटफूट वेगळी. वीट घेताना एका विटेवर दुसरी आपटून पाहावी. नीट भाजलेली खणखणीत वाजते. कच्ची बद्द आवाज करते आणि कायम ओल्या राहणाऱ्या भिंतीत लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागून तिचे पापुद्रे दोन वर्षांत सुटतात. साध्या वापराची वीट 24 तास पाण्यात ठेवली तर तिने वजनाच्या 20 टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ नये, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. वजनकाटा असलेल्या कोणत्याही किराणा दुकानात हे तपासता येते. खंगर विटा वेड्यावाकड्या असल्यामुळे गवंडी नाकारतात आणि भट्टीवर त्या स्वस्तात मिळतात, पण अति भाजल्यामुळे त्या पाणी फारच कमी पितात. मुरमाला टेकणाऱ्या खालच्या दोन थरांना त्याच घालाव्यात, असे माझे आग्रहाचे मत आहे.

भुसावळकरांच्या प्रश्नाबाबत: राखेच्या विटा मापात एकसारख्या असतात आणि चांगल्या प्रतीच्या असतील तर पाणीही कमी पितात, परंतु त्यांत चुना किंवा सिमेंट असल्यामुळे नव्यापणी त्यांतून क्षार उतरतात. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) बहुधा 7.5 ते 8.5 असतोच, त्यात आणखी भर कशाला घालावी? वापरायच्याच असतील तर आठवडाभर पाण्यात बुडवून, दोनदा पाणी बदलून घ्याव्यात. हाच नियम सिमेंटच्या पोकळ ब्लॉकलाही लागू आहे.

केळीबाग (यावल)

मंडळींनी रागावू नये, पण भिंत हवीच कशाला? आपल्याकडे मिरचीचे आणि कांद्याचे रोप पिढ्यान्‌पिढ्या गादीवाफ्यावरच टाकले जाते. 3 ते 4 फूट रुंद आणि 6 ते 9 इंच उंच अशी मातीची गादी केली, तिच्या कडा फावड्याच्या पाठीने थापून उतरत्या केल्या आणि दोन गाद्यांमध्ये पाणी निघून जायला सरी ठेवली की पावसाळ्यातील पाणी तुंबण्याचा प्रश्न सुटतो. खर्च शून्य. उन्हाळ्यात उलट करायचे: त्याच जागी सपाट किंवा किंचित खोलगट वाफा करून पाणी धरून ठेवायचे. उंच वाफा चारही बाजूंनी वारा आणि ऊन खातो, त्यामुळे मे महिन्यात तो जमिनीच्या आधी वाळतो, हे कोणी सांगत नाही. दीड फुटाची भिंत बांधून आपण पावसाळ्याचे दुखणे घालवतो आणि उन्हाळ्याचे ओढवून घेतो.

अर्थात गुरुजींच्या गुडघ्यांवर माझ्याकडे उत्तर नाही, त्यामुळे बांधणार असाल तर भरण्याविषयी दोन गोष्टी सांगतो. आतून 10 फूट, 4 फूट आणि दीड फूट म्हणजे 60 घनफूट, अर्थात 0.6 ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट), दोन्ही मिळून 1.2 ब्रास माल लागेल. नुसती काळी माती भरली तर भिंतीच्या आतही त्याच भेगा पडतील. पुष्कळ जण धरणाचा गाळ सोने समजून आणतात. गाळ कसदार असतो हे खरे, पण तोही बारीक चिकणमातीच असतो आणि एकटा घातला तर दगडासारखा घट्ट बसतो. मी निम्मी हलकी पोयटा माती, एक तृतीयांश चांगले कुजलेले शेणखत आणि बाकी भुईमुगाची टरफले व जाडी वाळू असे घेतो. तळाशी वीतभर थर केळीच्या कापलेल्या खांबांचा देतो. खांबात बहुतेक पाणीच असते, ते तळाला ओल धरतात आणि कुजले की पालाशही देतात. मात्र वाफा पहिल्या वर्षी चांगला चार-पाच इंच खाली बसतो, तेवढी माती बाजूला राखून ठेवावी. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) घालणार असाल तर त्यांवरील वाळलेली बोंडे आधी तोडून जाळावीत, कारण गुलाबी बोंडअळी त्यांतच दडून राहते आणि शेजारच्या शेतकऱ्याचे शाप लागतात.

वाफ्याच्या तळाला प्लास्टिक अजिबात टाकू नका. खालची काळी जमीन कुदळीने वीतभर उकरून मोकळी करा. वांग्याची आणि टोमॅटोची मुळे दीड फुटावर थांबत नाहीत, ती खाली उतरतात, आणि उन्हाळ्यात तीच खालची ओल झाडाला तारते.

गिरणाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्लीपरचा विषय संपला आणि 4 इंची भिंतीचाही. केळीबाग यांचे म्हणणे मला पूर्ण पटते; गुडघे धड असते तर मी गादीवाफ्यावरच थांबलो असतो. आता दोन शंका उरल्या आहेत. साडूंच्या धाब्याच्या घराचे सागवान वाया घालवावेसे वाटत नाही, शिवाय त्यांची माती फुकट आहे. ती भरायला चालेल का? आणि कोरड्या दगडी रचाईचे वर्णन मी घरी वाचून दाखवले तेव्हा सौभाग्यवतींनी एकच शब्द उच्चारला: विंचू.

पांझराकाठी (धुळे)

गुरुजी, वहिनींचे अगदी बरोबर आहे. मी सहा वर्षांपासून परसात चार वाफे सांभाळते आणि त्यांपैकी एक कोरड्या दगडांचा होता. त्यात भाजी उत्तम आली, पण दगडांच्या फटींत विंचू तर निघालेच, आणि एका पावसाळ्यात धामण राहायला आली. धामण बिनविषारी असते हे ठाऊक असूनही पालक खुडायला हात घालण्याचा धीर होईना. शेताच्या बांधाला ती रचाई शोभते, नातवंडे फिरतात त्या अंगणाला नाही.

सागवानाबद्दल: सरे आणि खांब बहुधा बिनरंगाचे असतात, ते चालतील. जुन्या सागाच्या गाभ्याला उधई सहज लागत नाही. दारे-चौकटी मात्र ऑईलपेंटच्या असतील तर त्या वापरू नका. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भागांच्या) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे 2016 मध्ये झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे असण्याची शक्यता मोठी असते आणि मातीच्या ओलीत तो रंग पोपडे होऊन वाफ्यातच पडतो. रंग घासून काढण्याच्या भानगडीतही पडू नये, कारण ती धूळ नाकात जाते. आणखी एक गोष्ट, सुतार हमखास सांगतील की लाकडाला जळालेले ऑईल चोपडा म्हणजे उधई येत नाही. कुंपणाच्या खांबाला ते ठीक आहे. भाजीच्या वाफ्याला इंजिनमधली ती काळी घाण लावणे म्हणजे स्लीपरचाच धाकटा भाऊ घरात आणणे होय. माझा बाभळीच्या फळ्यांचा वाफा काहीही न लावता चार वर्षे टिकला, बांबूच्या ताट्यांचा मात्र दुसऱ्याच पावसाळ्यात मातीलगत मोडला.

माती अजिबात घेऊ नका. धाब्यावर मुद्दाम खारी माती टाकत असत, पाणी आत मुरू नये आणि गवत उगवू नये म्हणून. जिच्यात काही उगवू नये अशीच माती तुमचे साडू प्रेमाने देत आहेत.

चौथा वाफा मी नालीदार लोखंडी पत्र्याचा केला होता, कारण तो दोन तासांत उभा राहतो. दक्षिण-पश्चिम बाजूच्या पत्र्याला एप्रिलमध्ये दुपारी हात लावला की चटका बसायचा, आणि त्या कडेपासून वीतभर पट्ट्यात पेरलेले पालकाचे बी उगवायचेच नाही. पालक तसाही 30 अंशांच्या पुढे रुसतो, त्यात पत्र्याची धग. आता त्या वाफ्यात फक्त गिलक्याचा आणि डांगराचा वेल आहे, त्याची पाने स्वतःच पत्र्यावर सावली धरतात. पत्र्याचाच विचार कोणी करत असेल तर उन्हाकडची बाजू तरी विटांची ठेवावी.

गोठ्याच्या सिमेंटच्या पत्र्यांविषयी कोणीच लिहिले नाही. जुन्या राखाडी पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ते कापू नका, फोडू नका, भोके पाडू नका. आहेत तसे अखंड, ओले करून उचला आणि माणसांच्या वावरापासून दूर ठेवा.

मुरूम_माती (जळगाव)

विंचवापुढे माझा दगड हरला, हे मान्य. मग 9 इंची विटांची भिंत चुन्यातच करा, तिला फटी राहत नाहीत. पाणी निघण्यासाठी सर्वांत खालच्या थरात दर 4 फुटांवर एक उभा सांधा मोकळा सोडावा आणि आतून त्यापुढे मूठभर खडी ठेवावी, म्हणजे भोक मातीने बुजत नाही. माथ्यावर शहाबादी फरशी बसवली तर दीड फुटावर गुरुजींना बसायला ऐसपैस कट्टा मिळेल. बसल्या बसल्या दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो, म्हणूनच 4 फुटांपेक्षा रुंद वाफा करू नये. शहाबादी हा चुनखडीचाच दगड आहे, पण माथ्यावरच्या फरशीने मातीला काही होत नाही. बाहेरून भिंतीला दरवर्षी होळीनंतर चुन्याचा पांढरा हात मारावा, त्याने ऊन परतते. आणि केळीबाग यांनी काढलेला उन्हाळ्याचा मुद्दा खोटा नाही: वाफ्यात ठिबकच्या तीन नळ्या, वर उसाच्या पाचटाचा थर आणि एप्रिलपासून 50 टक्क्यांची शेडनेट, एवढे केल्याशिवाय दीड फूट उंचीचा वाफा मे महिना काढणार नाही.

साडूंचे सरे वाया जात नाहीत. शेडनेटला चार खांब लागतीलच.

गिरणाकाठ

ठरले. आज सकाळी गवंड्याला घेऊन भट्टीवर गेलो होतो. त्याने चुन्याचे नाव काढताच तोंड वाकडे केले आणि असे काम वडिलांच्या हाताखाली शेवटचे केल्याचे सांगितले, पण नंतर वाटेत स्वतःच चुना किती दिवस भिजवावा लागतो ते मला समजावू लागला. भट्टीवाल्याने दाखवलेल्या पहिल्या ढिगातून मी दोन विटा उचलून एकमेकींवर आपटल्या. आवाज बद्द आला आणि एकीचा कोपरा हातातच राहिला. भट्टीवाला काही न बोलता आम्हाला मागच्या ढिगाकडे घेऊन गेला. तेथून 900 विटा सांगितल्या आणि खंगर 200 वेगळ्या. मुरूम सोमवारी येईल. साडूंना मातीबद्दल अजून कळवलेले नाही. ट्रॉली भरून तयार आहे, असा त्यांचा दुपारीच फोन येऊन गेला.